गुडघाभर पाणी, फरशी पूल आणि फोर बाय फोर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नवी डिझेल थार घेतली आहे, फोर बाय फोर. माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं लिहिलंय. भोरच्या पलीकडे गावाकडे जाताना ओढ्यावर फरशी पूल लागतो आणि जुलै-ऑगस्टात त्यावरून गुडघ्याच्या थोडं वर पाणी वाहतं. गुडघा म्हणजे दीड-पावणेदोन फूट, ६५० मिलिमीटर म्हणजे दोन फुटांच्या वर. मग जायला हरकत काय, आणि स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणारी नळी, बसवला तर आणखी किती खोल जाता येईल?

आधी उत्तर देतो. पाणी थांबलेलं असेल, तळ पक्का असेल आणि तुम्ही स्वतः चालून पाहिलेला असेल, तर गुडघ्यापर्यंत जा. पाणी वाहतं असेल आणि पायाला ओढ लागत असेल, तर पोटरीच्या वर पाणी असताना जाऊ नका, गाडी कुठलीही असो. स्नॉर्केलने यातलं दुसरं वाक्य तसूभरही बदलत नाही. सव्वीस वर्षं मी या गाड्या डोंगरात चालवतोय, त्यातली बरीच वर्षं दुरुस्तही करतोय. पाण्यात गेलेल्या गाड्या माझ्याकडे दरवर्षी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थारला ६५० मिलिमीटर, फोर्स गुरखाला ७००, फॉर्च्युनरला ७००, लँड रोव्हर डिफेंडरला ९००. हे आकडे खरे आहेत, पण ते खोलीचे आहेत. त्यात पाण्याचा वेग कुठेच नाही आणि तळाबद्दलही काही नाही. गाडी वाहून जाते ती वेगामुळे आणि तळामुळे.

हिशेब करून पाहू. तुमची गाडी साधारण पावणेदोन टनांची. टायरमध्ये हवा भरलेली, म्हणजे जवळजवळ बुडालेला प्रत्येक टायर पन्नास-साठ किलोंनी गाडीला वर ढकलतो. चार टायरचे झाले दोन-सव्वादोनशे. डिझेलची टाकी अर्धी रिकामी असेल तर तीही उचलते. मग पाणी केबिनच्या तळाला टेकतं. तो तळ जवळपास तीन चौरस मीटरचा धरा. तिथून पुढे पाणी चढेल तसं दर १० सेंटिमीटरला आणखी अडीचशे-तीनशे किलो वजन पाण्याने उचललं, कारण दारांची रबरं चांगली असतील तर पाणी लगेच आत येत नाही. ६५० मिलिमीटर पाण्यात तळ वीसेक सेंटिमीटर बुडाला असं धरलं, तर चाकांवर साधारण एक टन वजन उरतं. शेवाळलेल्या काँक्रीटवर एक टन वजनाचे टायर आडवे सरकायला तीनशे किलोंचा धक्का पुरतो.

आता तो धक्का किती बसतो ते बघा. गाडीच्या कुशीला दीड चौरस मीटर भागावर पाणी आदळतंय असं समजू. पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने जात असेल तर साधारण ७५ किलोंचा धक्का. २ मीटर झाला तर दुप्पट नाही, चौपट, म्हणजे ३००. ३ मीटरला पावणेसातशे. सेकंदाला २ मीटर म्हणजे काही प्रलय नव्हे, माणूस हळू पळतो तो वेग. पावसाळ्यात सह्याद्रीतला कुठलाही ओढा त्या वेगाने सहज जातो. हे आकडे ढोबळ आहेत, तुमच्या गाडीला थोडे इकडेतिकडे होतील. पण फोर बाय फोर चारही चाकांना ताकद देते, वजन देत नाही, आणि पाण्यात आधी जातं ते वजनच.

जुन्या लोकांच्या उघड्या जीपा याहून जास्त पाण्यातून जायच्या, हे खरं आहे. मी स्वतः पाहिलंय. त्यांना दारं नसायची, तळाला भोकं असायची, पाणी सरळ आत शिरायचं आणि गाडी खाली बसून राहायची. ड्रायव्हरचे पाय भिजायचे, पण चाकं जमीन धरून असायची. आजची बंद केबिनची, चांगल्या रबरांची गाडी त्याच पाण्यात लवकर हलकी होते. आजोबांच्या जीपचा दाखला तुमच्या थारला लावू नका.

पाण्यात गाडी घालण्याचं निम्म्याहून जास्त काम गाडीबाहेर होतं. आपल्याकडे म्हातारी माणसं अजून विचारतात, 'नदीला उतार आहे का?' उतार म्हणजे पायी पार होण्याजोगी जागा. तोच प्रश्न आधी स्वतःला विचारायचा. जिथून मी चालत जाऊ शकत नाही तिथून गाडी नेत नाही, हा माझा नियम आहे आणि तो मी आजवर मोडलेला नाही.

चालायचं कसं तेही सांगतो. बूट घालूनच, अनवाणी नाही. अंगात लाइफ जॅकेट, एक माणूस काठावर दोर धरून. हातात खांद्याएवढी काठी, ती वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, टेकवायची. तोंडही तिकडेच. पाय उचलायचा नाही, घासत सरकवायचा. दोन्ही चाकोऱ्यांतून चालायचं, एकीतून जायचं आणि दुसरीतून परत यायचं, कारण दगड किंवा खड्डा असतो तो नेमका ज्या चाकोरीतून तुम्ही गेला नाहीत तिच्यात. पायाखाली काय लागतंय ते ऐका. गोटे असतील तर काठी टकटक वाजते, रेव कुरकुरते, आणि चिखल असेल तर काठी मुकाट आत जाते आणि बाहेर यायला कुरकुर करते. तिसरं झालं तर परत फिरा. वाशिष्ठीत किंवा सांगलीकडे कृष्णेत मगरी आहेत, तिथे चालून पाहायचा प्रश्नच येत नाही, म्हणून गाडी घालायचाही येत नाही.

वेग मोजायला एक वाळकी काटकी वरच्या अंगाला टाका आणि काठाने तिच्याबरोबर चाला. सावकाश चालत तिला गाठता आलं तर विचार करायला जागा आहे. पळावं लागलं तर विषय संपला.

पाणी वाचायलाही शिका. रुंद पसरलेलं, बारीक लाटांचं, खळखळणारं पाणी उथळ असतं. गुळगुळीत, काळसर, आवाज न करणारं पाणी खोल. वळणाच्या बाहेरच्या काठाला डोह असतो. फरशी पुलाचा धोका वेगळाच आहे. फरशीवरून पडणारं पाणी खालच्या अंगाची माती वर्षानुवर्षं उपसत असतं, त्यामुळे फरशीच्या कडेपासून एका पावलावर पुरुषभर खोल खड्डा असू शकतो. गाडी फरशीवर दोन हात सरकली तरी काही बिघडत नाही असं वरून वाटतं. तिसऱ्या हाताला चाक कडेवरून उतरतं आणि गाडी कुशीवर पडते. फरशीवर बुडालेल्या बऱ्याच गाड्या अशाच जातात. म्हणून कडेचे पांढरे खांब दिसत नसतील तर फरशीवर पाऊलही टाकू नका. आणि रात्री तर नाहीच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल वाहून गेला तेव्हा एसटीच्या दोन गाड्या पाण्यात गेल्या. पुढे रस्ता उरलेला नाही हे अंधारात दिसणार तरी कुणाला?

आता सर्वांत महत्त्वाचं: पाणी चढतंय की उतरतंय? काठावर पाण्याला टेकून एक दगड ठेवा, घड्याळ बघा आणि पंधरा मिनिटं थांबा. दगड बुडाला तर गाडी वळवा. कोरडा राहिला आणि पाणी बोटभर मागे गेलं तर आणखी थांबा, ते आणखी उतरेल. सह्याद्रीतले ओढे आखूड आणि उभ्या उताराचे. माथ्यावर जोराचा पाऊस झाला की तासाच्या आत खाली लोंढा येतो, आणि पाऊस थांबला की दोन-चार तासांत ओसरतो. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर ढग आहे का ते बघायचं. पाणी अचानक लाल झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, खळखळ होती तिची घरघर झाली, तर पाण्यात असाल तिथून निघा. वर धरण असेल तर विसर्ग किती हजार क्युसेक सोडलाय याची बातमी आधी बघा. पुण्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो हे पोरासोरांना माहीत असतं. गावाकडच्या धरणाखालच्या फरशीचंही गणित तेच.

लडाख-स्पितीला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथे नाल्यांना पाणी बर्फाचं असतं. पहाटे ते सर्वांत कमी आणि दुपार कलली की सर्वांत जास्त. सकाळी सहाला घोट्याएवढा असलेला नाला चारला मांडीभर होतो. तिथे रात्रभर थांबणं हाच उपाय आहे.

गावातल्या माणसाला विचारा, पण 'जाईल का?' असं विचारू नका. त्याला तुमची गाडी माहीत नसते आणि पाहुण्याला नाही म्हणायचा संकोच असतो. 'सकाळपासून कोण कोण गेलं? पाणी कालच्यापेक्षा वर आहे का?' असं विचारा. काही वर्षांपूर्वी मुळशीकडे एका ओढ्यावर मी असाच थांबलो होतो. पाणी पोटरीएवढं, स्वच्छ, जाण्यासारखं वाटत होतं. म्हशी घेऊन एक आजोबा पलीकडे उभे होते. मी ओरडून विचारलं, 'बाबा, कसं काय पाणी?' ते म्हणाले, 'म्हशी उतरंनात, दादा. थांबा जरा.' म्हशी खरंच काठावर पाय रोवून उभ्या होत्या. मी इंजिन बंद केलं. वीसेक मिनिटांत पाणी कमरेएवढं झालं. संध्याकाळी साडेपाचला आम्ही दोघेही पार झालो, आधी म्हशी.

यंत्राकडे वळतो. इंजिन हवा कुठून घेतं ते आजच शोधा. बॉनेट उघडा, एअर फिल्टरच्या डब्याकडून पाइप उलटा पकडत त्याच्या तोंडापर्यंत जा आणि ते तोंड जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा. डिझेल इंजिनाला पाणी का सोसत नाही ते यावरून कळेल: २.२ लिटरचं, चार सिलिंडरचं इंजिन, म्हणजे एका सिलिंडरचे साडेपाचशे घनसेंटिमीटर. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते ते, १६ धरला तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा ३६ घनसेंटिमीटर, पोह्यांचे दोन-अडीच मोठे चमचे. एवढ्याहून जास्त पाणी आत गेलं की पिस्टनला वर यायला जागाच नाही, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला ढकलणारा दांडा, वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. पेट्रोल इंजिनात ही जागा थोडी मोठी असते, पण निकाल तोच.

स्नॉर्केलचा खरा उपयोग धुळीला आणि अंगावर उडणाऱ्या पाण्याला होतो. बसवायचा असेल तर बसवा, पण खात्री करून घ्या. इंजिन आयडलला ठेवून स्नॉर्केलच्या तोंडावर सपाट लाकडी फळी दाबून धरा, हात नको. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर हवा दुसऱ्या कुठल्यातरी सांध्यातून येतेय, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येईल. मी तपासलेल्या गाड्यांमध्ये बहुतेकदा गळती फिल्टरच्या डब्याच्या तळाशी सापडते. धूळ आणि पाणी बाहेर पडावं म्हणून तिथे एक छोटा रबरी झडप असलेला छेद असतो, ती झडप तडकलेली असते. हजारो रुपयांचा स्नॉर्केल, आणि पाणी जातं करंगळीएवढ्या भोकातून.

याहून जास्त दुर्लक्ष होतं ते ब्रीदरकडे. पुढचा आणि मागचा डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरांचा डबा), गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा), प्रत्येकाला श्वास घ्यायला एक छोटी नळी असते. घाट चढून आलेला डिफरन्शियल हात लावू देत नाही इतका तापलेला असतो. तो तसाच ओढ्यात गेला की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदर पाण्याखाली असेल, किंवा चिखलाने बुजलेला असेल, तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. गाडी त्या दिवशी उत्तम चालते. माझ्या पहिल्या जीपचं असंच झालं. पावसाळा संपल्यावर मागून हुंकारासारखा आवाज येऊ लागला. ड्रेन प्लग उघडला तर आधी अर्धा कप गढूळ पाणी आणि मग ताकासारखं पांढरट ऑइल आलं. क्राउन आणि पिनियन, आतली दोन्ही दातेरी चाकं, गंजून गेली होती, बेअरिंगं हाताने फिरवली की करकर वाजत होती. तेव्हापासून पाण्याआधी दहा मिनिटं थांबून एक्सल निवू देतो, आणि सगळ्या ब्रीदरना लांब नळ्या लावून बॉनेटखाली वर नेल्या आहेत. खर्च थोडाच, काम एका दुपारचं. स्नॉर्केलआधी हे करा.

प्रत्यक्ष जाताना फोर लो (चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारी गिअरची जागा), पहिला किंवा दुसरा गिअर, आणि शेवटपर्यंत तोच. एसी बंद. वाहून टाकणारी ओढ नसली तरी काचा पूर्ण खाली आणि दारांची कुलुपं उघडी. पाण्यात विजेच्या काचा कधी दगा देतील सांगता येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत बंद गाड्यांत अडकून माणसं गेली. मी अशा ठिकाणी सीट बेल्टही सोडतो, कारण वेग चालण्याचाच असतो. मुलं आणि म्हातारी माणसं गाडीत नकोतच. ओढायचा दोर पाण्यात उतरण्याआधीच गाडीच्या हुकाला बांधून टोक बॉनेटवर घ्या. गढूळ पाण्याखाली हुक चाचपडत शोधणं फार कठीण जातं.

आत शिरताना अगदी हळू, ताशी तीन किलोमीटर. पुढचं टोक पाण्यात गेलं की किंचित वाढवा, पाच-सहापर्यंत. गाडीच्या पुढे पाण्याची एक कमान तयार होते आणि तिच्या मागे, ग्रिलपाशी, पाणी थोडं खाली जातं. ती कमान तुमच्या पुढे तेवढ्याच वेगाने चालत राहिली पाहिजे. वेग वाढवलात तर पाणी बॉनेटवर चढतं, मध्येच थांबलात तर कमान मोडून पाणी परत इंजिनाकडे येतं. क्लच दाबायचा नाही, प्लेटांमध्ये पाणी आणि रेती जाते. मंद ओढ असेल तर सरळ आडवं न जाता पाण्याबरोबर थोडं तिरकं, खालच्या अंगाला बाहेर पडायचं. फरशीवर मात्र वरच्या कडेने सरळ. पुढची गाडी पूर्ण बाहेर पडल्याशिवाय आपली घालायची नाही. आणि गावातल्या साचलेल्या पाण्यातून जाताना तुमची कमान शेजारच्या घरांच्या उंबऱ्यावरून आत जाते, तिथे आणखी हळू चला.

इंजिन मध्येच बंद पडलं तर किल्लीला हात लावू नका. हे वाक्य घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. बंद पडताना इंजिन बहुधा वाचलेलं असतं, स्टार्टर मारल्यावर रॉड वाकतो. माणसं आधी बाहेर काढा, मग गाडी ओढून काढा, मग फिल्टर उघडा. कागद ओला असेल तर गाडी टोइंगनेच न्यायची. मेकॅनिक ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे प्लग) काढून इंजिन फिरवेल आणि पाणी भोकांतून बाहेर काढेल. वाकलेला रॉड कधीकधी शंभर-दोनशे किलोमीटर चालतो आणि मग ब्लॉक फोडून बाहेर येतो, म्हणून 'चालू झाली, ठीक आहे' यावर समाधान मानू नका. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत. इंजिन प्रोटेक्टचं जोडकलम तुमच्या पॉलिसीत आहे का ते बघा.

बाहेर आल्यावर शंभर मीटर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवा, ते सुकतील. घरी रेडिएटरच्या जाळीतला चिखल पाण्याच्या साध्या धारेने काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, डिफरन्शियलचा ड्रेन प्लग हळूच सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड असतं, आत असेल तर पहिले थेंब पाण्याचेच येतील. नुसतं ऑइल आलं तर घट्ट करा आणि निश्चिंत राहा. खाडीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात मात्र गाडी घालूच नका. भरती-ओहोटीचा अंदाज चुकतो आणि मीठ चासिसच्या आतून खात राहतं.

तुमच्या ओढ्यापुरतं एक काम सांगतो. मे महिन्यात, फरशी कोरडी असताना, तिथे जा. फरशीला कुठे तडा आहे, कुठला भाग खचलाय, खालच्या अंगाचा खड्डा किती खोल आहे, सगळं बघून फोटो काढून ठेवा. मग दोन्ही काठांच्या खांबांवर, ग्रामपंचायतीला विचारून, फरशीपासून ३० सेंटिमीटरवर लाल रंगाचा पट्टा मारा. अलीकडच्या आणि पलीकडच्या वाडीतल्या एकेका माणसाचा नंबर घेऊन ठेवा आणि निघण्याआधी फोन करून विचारा, पट्टा दिसतोय का. नाही म्हणाले तर गाडी अलीकडच्या वाडीत लावा, पिशव्या खांद्यावर घ्या आणि वरच्या साकवावरून चालत जा, साकव पाण्याच्या वर असेल तर. नसेल तर पाणी उतरेपर्यंत वाडीतच थांबा. घरी आधीच सांगून ठेवा की पावसाळ्यात उशीर होईल, म्हणजे कुणी वाट बघत घाबरणार नाही.